उश्र: पिकातला दहावा हिस्सा की विसावा?

मार्च-एप्रिलात निफाड, येवला, चांदवडकडच्या शेतांत उपटलेला उन्हाळ कांदा पातीखाली झाकून ठेवलेला असतो. पात कापली जाते, मोठा माल, गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल) वेगळे होतात, मग कांदा साठवणीच्या चाळीत तरी जातो नाहीतर ट्रॉलीत बसून थेट लासलगावला. मुस्लिम शेतकऱ्याच्या हिशेबात याच वेळी एक वाटा बाजूला निघायला हवा. त्याला उश्र म्हणतात, बोलताना ‘उशर’. अरबीत या शब्दाचा अर्थच दहावा भाग.

बहुतेकांची गल्लत उश्राला जकातीच्या, म्हणजे संपत्तीतून द्यायच्या सक्तीच्या दानाच्या, मापानं मोजण्यात होते. जकात म्हटलं की अडीच टक्के, वर्ष पूर्ण होणं, कर्ज वजा करणं आणि रमजान डोळ्यांपुढे येतो. उश्र हीसुद्धा जकातच, पण शेतमालाची, आणि या चारपैकी एकही गोष्ट तिला लागू नाही. रोख पैशाची जकात माणसाच्या संपत्तीकडे बघते, उश्र पिकाकडे बघतो. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच नियम आपोआप उलगडतात.

कुराणाच्या सहाव्या सूरेत, अल-अनआममध्ये, 141व्या आयतीत खजूर, शेती, जैतून आणि डाळिंबाचा उल्लेख करून सांगितलंय की फळ आलं की खा, आणि कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका. ‘कापणीच्या दिवशी’ हे शब्द तिथे स्पष्ट आहेत. त्यामुळे वर्ष उलटण्याची अट इथे नाही. एका शेतात पोळ कांदा, त्याच्यामागे गहू आणि मग उन्हाळी भुईमूग निघाला, तर उश्र तीनदा. रमजानपर्यंत थांबायची चालही इथे बसत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, कांद्याची काढणी काही सरकत नाही.

पाणी कुठून आलं?

दर ठरतो पाण्यावरून. बुखारीच्या संग्रहात प्रेषितांचे सोबती इब्न उमर यांच्याकडून आलेली हदीस, म्हणजे प्रेषितांचं वचन, आहे: पावसानं, झऱ्यानं किंवा जमिनीतल्या ओलीवर आपसूक वाढलेल्या पिकात दहावा हिस्सा, आणि पाणी ओढून दिलेल्या पिकात त्याच्या निम्मा, म्हणजे विसावा. टक्क्यांत 10 आणि 5. निम्म्या उश्राला उर्दूत ‘निस्फ उश्र’ म्हणतात.

त्या काळी पाणी उंटावरून किंवा मोटेनं ओढलं जायचं. आज विहिरीवरची मोटर, बोअर, शेततळ्यातून उपसा, ठिबक, टँकर, सगळं ‘ओढून दिलेल्या’ पाण्यात येतं. कालव्याचं पाणी उतारानं आपोआप येत असलं, तरी पाणीपट्टी भरावी लागत असेल तर हनफी, म्हणजे इमाम अबू हनिफांचं मत मानणारे, मुफ्ती (धर्मनियमांवर निर्णय देणारे जाणकार) त्यालाही विसाव्यात धरतात. पाण्यासाठी पैसा किंवा खास मेहनत गेली का, एवढंच बघायचं.

नाशिक जिल्ह्यात हे दोन्ही दर एका दिवसाच्या प्रवासात भेटतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडचं भात निव्वळ पावसावर होतं. तिथे 20 क्विंटल भात झालं तर 2 क्विंटल उश्र. घाटमाथा सोडून निफाड-दिंडोरीकडे आलं की द्राक्षं, टोमॅटो आणि उन्हाळ कांदा, सगळं विहिरीच्या नाहीतर कालव्याच्या पाण्यावर. तिथे विसावा.

अडचण येते ती मधल्या पिकांची. सोयाबीन किंवा मका पावसावर पेरला, ऑगस्टात पंधरा दिवसांचा खंड पडला आणि दोन पाणी मोटरीनं द्यावं लागलं. अशा वेळी जास्त भार कशावर होता ते बघायचं. पीक मुख्यतः पावसावर उभं राहिलं असेल तर दहावाच. उलट रब्बीतल्या गव्हावर एखादा अवकाळी शिडकावा झाला म्हणून तो पावसाचा होत नाही, तिथे विसावा. दोन्हींचा वाटा खरोखर बरोबरीचा असेल तर बऱ्याच फकिहांच्या, म्हणजे धर्मनियमांच्या अभ्यासकांच्या, मते साडेसात टक्के. हनफी ग्रंथांत अशा वेळी निम्मा उश्र पुरेसा असल्याचं मतही आहे.

कोणत्या पिकावर, आणि किती झाल्यावर?

मोठा मतभेद इथे आहे, आणि तो माहीत असलेला बरा, कारण एकाच गावात दोन मशिदींत दोन उत्तरं मिळू शकतात.

सुन्नी धर्मनियमांच्या चार परंपरा चार इमामांच्या नावानं चालतात. त्यांपैकी इमाम अबू हनिफा यांच्या मते उत्पन्नासाठी जमिनीतून जे जे पिकवलं जातं, त्या सगळ्यावर उश्र आहे. धान्य, कडधान्य, ऊस, कापूस, भाजी, फळ, सगळं. आणि किमान मर्यादाही नाही; दहा किलो निघालं तर दहा किलोचा हिस्सा. त्यांचेच दोन शिष्य, इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद, यांनी दोन अटी घातल्या: माल टिकणारा हवा आणि निदान पाच वसक हवा. इमाम शाफई आणि इमाम मालिक यांचा भर साठवता येणाऱ्या मुख्य अन्नावर आहे; शाफई मतात फळांपैकी फक्त खजूर आणि द्राक्षं. इमाम अहमद यांच्याकडे जे मापून साठवता येतं आणि वाळवता येतं ते.

आपल्या भागात बहुसंख्य हनफी, आणि उश्राच्या बाबतीत सर्वसाधारण फतवा (धर्मनिर्णय) खुद्द इमाम अबू हनिफांच्या मतावर दिला जातो. म्हणजे टोमॅटोची कॅरेट, कोथिंबिरीची जुडी, डाळिंब, पॉलिहाऊसमधला गुलाब, सगळ्यात उश्र. अहले हदीस जमातीचे (कुठल्याही एका इमामाला न बांधून घेता थेट हदीस मानणारे) लोक पाच वसकाची अट मानतात आणि भाजीपाल्यात सहसा उश्र धरत नाहीत. भाजी विकून आलेला पैसा वर्षभर शिल्लक राहिला तर त्याची अडीच टक्के जकात देतात. आपण ज्या मताचं पालन करतो त्याच्यावरच पक्कं राहावं. कांद्याला एक इमाम आणि टोमॅटोला दुसरा, तेही ज्यात कमी पडेल तो, हा हिशेब कुठल्याच मतात बसत नाही.

आता पाच वसक म्हणजे किती? एका वसकात 60 साअ, म्हणून पाच वसक म्हणजे 300 साअ. कुठे 612 किलो लिहिलेलं सापडतं, कुठे 653, तर कुठे साडेनऊशेच्या आसपास. माणूस गोंधळतो, पण यात कुणी चुकलंय असं नाही. साअ हे वजन नव्हे, माप आहे, आपल्या पायलीसारखं. पायलीभर बाजरी आणि पायलीभर धने यांचं वजन सारखं भरत नाही, तसंच साअचं. शिवाय साअ केवढा होता यातही हिजाजी आणि इराकी असा फरक आहे. हनफी साअ मोठा, म्हणून त्यांचा आकडा मोठा. सालासकट साठवल्या जाणाऱ्या भातासारख्या धान्याला शाफई मतात दुप्पट, म्हणजे दहा वसकांची मर्यादा आहे, कारण निम्मं माप टरफलानंच भरतं.

काही गोष्टींत उश्र नाहीच. बांधावर आपोआप उगवलेलं गवत, जळण, कडबा, भुसा यांत नाही. पण मका खास मुरघासासाठी किंवा हिरवा चारा म्हणून विकायला लावला असेल, तर तोच मुख्य माल झाला आणि त्याच्यावर उश्र आला. घराच्या अंगणातल्या आंब्या-पेरूच्या झाडाला नाही. दुधाला, कोंबड्यांना नाही. ट्रॅक्टर, ठिबक, चाळ, जमिनीची किंमत, यांचाही संबंध येत नाही.

खर्च वजा करायचा का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त चेहरे पडतात तोही हाच. हनफी मतात बियाणं, खत, औषध, मजुरी, डिझेल, वीजबिल यांपैकी काहीही वजा होत नाही. उश्र एकूण उत्पन्नावर.

उदाहरण घेऊ. दोन एकर उन्हाळ कांदा, विहिरीचं पाणी, 200 क्विंटल माल निघाला आणि 1,500 रुपये क्विंटलनं गेला. एकूण 3,00,000 रुपये. खर्च झाला 1,60,000. शेतकरी म्हणतो, हातात राहिले 1,40,000, त्याचे पाच टक्के 7,000. हे उत्तर चुकलं. उश्र 200 क्विंटलचा आहे: 10 क्विंटल कांदा, किंवा 3,00,000 चे पाच टक्के, म्हणजे 15,000 रुपये.

हे कडक वाटतं खरं. पण दहाव्याचा विसावा कशामुळे झाला ते आठवून बघा. पाण्याच्या खर्चाची सूट दरातच देऊन झालीय. फकिहांचं म्हणणं असं की खर्च वजाच करायचा असता तर दोन दर ठेवण्याचं कारणच नव्हतं. दुसरी बाजूही जुनीच आहे: पिकासाठी काढलेलं कर्ज आधी फेडावं आणि उरलेल्यातून द्यावं, असं मत सहाबांपैकी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांपैकी, इब्न उमर यांच्याकडून नोंदलं गेलंय, आणि आजचेही काही अभ्यासक त्याच्याकडे झुकतात. हनफी मुफ्ती मात्र पीककर्जाला उश्राच्या आड येऊ देत नाहीत. रोख पैशाच्या जकातीत तेच कर्ज वजा होतं, इथे नाही. एका ठिकाणी मात्र बरेच मुफ्ती मोकळीक देतात: माल तयार झाल्यानंतर बाजारात नेण्याचं भाडं वजा करून उरलेल्या रकमेवर उश्र काढता येतो. पिकवण्याचा खर्च वेगळा आणि विकण्याचा वेगळा, असा हा भेद आहे.

मजुरीबद्दल एक गोष्ट खास सांगायला हवी. काढणीच्या मजुरांना धान्यातच मजुरी दिली तर ते धान्यही एकूण मालात धरायचं. आणि मजुराला दिलेलं धान्य ‘तो गरीबच आहे’ म्हणून उश्रात वळतं करून घेता येत नाही. खळ्यावर रास झाली की बलुतेदारांचा वाटा निघायचा, तो कामाचा मोबदला होता. उश्र मोबदला नाही. मजुराची मजुरी पूर्ण चुकवा, आणि तो हक्कदार असेल तर उश्र वरून द्या.

द्राक्षबाग

द्राक्षाचा विषय नाशिकला टाळता येत नाही, आणि इस्लामी फिक्हमध्येही (धर्मनियमशास्त्रात) तो पहिल्यापासून आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे की प्रेषितांनी अत्ताब बिन असीद यांना खजुरासारखाच द्राक्षांचाही अंदाज घ्यायला सांगितलं, आणि त्यांची जकात बेदाण्याच्या रूपात घ्यायला. या अंदाजाला ‘खर्स’ म्हणतात: जाणकार माणूस बागेत फिरतो आणि वाळल्यावर किती भरेल ते सांगतो. आपल्याकडे व्यापारी बागेत शिरून घड मोजतो आणि ‘एकरी इतके टन निघतील’ म्हणतो, ती नजर जवळपास तीच. अंदाज घेताना तिसरा किंवा चौथा हिस्सा सोडून द्या, अशीही एक हदीस आहे, कारण पाखरं खातात, वाटसरू खातात, मालक स्वतः खातो.

किमान मर्यादा मानणारे द्राक्षांची मर्यादा बेदाण्यावर मोजतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा बसतो. 653 किलोचा आकडा धरला तर ताज्या द्राक्षांचे अडीच टनांहून थोडे अधिक झाले. नाशिकची चालती एकरभर बाग हा आकडा सहज ओलांडते, त्यामुळे द्राक्षांत हा वाद बहुतेकदा कागदावरच राहतो. खायची द्राक्षं बेदाण्याला जात नसतील तर ताज्या मालातून किंवा किमतीतून देता येतं.

खरा पेच पडतो जागेवर सौदा झाला की. नियम असा: पीक तयार झाल्यावर विकलं तर उश्र विकणाऱ्यावर. कच्चं विकलं आणि घेणाऱ्यानं झाडावरच पिकू दिलं तर त्याचा भार घेणाऱ्यावर. आपल्याकडचे सौदे मण्यात पाणी उतरून गोडी भरल्यावर, तोडणीच्या तोंडावर होतात, म्हणून उश्र बागायतदारानंच काढायचा. एकाच बागेची दोन-तीनदा तोड झाली तर प्रत्येक तोडीच्या हिशोबपट्टीवर पाच टक्के लिहून ठेवावेत. हंगाम संपल्यावर आठवून काढलेला आकडा नेहमी कमीच निघतो.

गारपिटीनं बाग गेली तर? जे गेलं त्याचा उश्रही गेला. उरलं त्याचाच द्यायचा. आठ टनांच्या बागेत तीन टन हाती लागले तर हिशेब तीन टनांचा. भाव पडणं म्हणजे मात्र नुकसान नव्हे, निदान या अर्थानं नाही. माल शाबूत आहे, म्हणजे हिस्साही आहे. भाव कवडीमोल झाला तर पैसे द्यायची सक्ती नाही, कांदाच द्या. मालकानं स्वतःहून माल नासवला तर तो जबाबदारीतून सुटत नाही, म्हणून उभ्या पिकात रोटर फिरवायची वेळ आलीच तर आधी हक्कदारांना त्यांचा हिस्सा उपटून नेऊ द्यावा.

चाळीतला कांदा

कांदा चाळीत भरताना त्याचं वजन कुणी करत नाही. पाच महिन्यांनी चाळ फोडली की घट झालेली असते, थोडा सडलेला, थोडा काजळी आलेला, काहींना कोंब. मग उरलेल्या मालाचा उश्र निघतो. हनफी मतात आपोआप नासलेल्या मालाचा उश्र माफ आहे, त्यामुळे याला चोरी म्हणता येणार नाही. पण शाफई मतात देणं शक्य असताना विनाकारण लांबवलं आणि माल नासला, तर भरून द्यावं लागतं. आणि कुठल्याही मतात हक्कदार पाच महिने थांबला, ही गोष्ट उरतेच.

सोपा उपाय आहे. चाळ भरताना ट्रॉल्या मोजा. एका ट्रॉलीचं वजन काट्यावर करून घ्या, बाकीच्यांचा अंदाज त्यावरून. वीस ट्रॉल्यांना एक ट्रॉली. ती चाळीत न टाकता तिथेच वाटा, किंवा त्या दिवशीच्या भावानं विकून पैसे द्या. हनफी मतात मालाऐवजी किंमत देणं चालतं. मग चाळीतल्या बाकीच्या कांद्याला पुढे दुप्पट भाव मिळाला तरी उश्र पुन्हा नाही. विक्रीचा तो पैसा जकातीच्या हिशेबात येतो: इतर शिल्लक धरून 52.5 तोळे, म्हणजे 612.36 ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी रक्कम असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण झालं, तर अडीच टक्के.

माल कुठला द्यायचा, यावर दुसऱ्या सूरेची, अल-बकराची, 267वी आयत बोलते: जमिनीतून जे उगवलं त्यातलं चांगलं द्या, आणि जे तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असलं निवडून देऊ नका. कांद्याच्या भाषेत, उश्र म्हणून गोल्टी आणि खाद बाजूला काढायची नाही. मिसळ माल असेल तर त्याच प्रमाणात मिसळ.

जमीन एकाची, कसणारा दुसरा

निम्म्या वाट्यानं शेत केलं असेल तर ज्यानं त्यानं आपल्या वाट्याचा उश्र काढायचा. रोख खंडानं घेतलेल्या जमिनीबद्दल इमाम अबू हनिफा जमीनमालकावर भार टाकतात, त्यांचे दोन्ही शिष्य कसणाऱ्यावर. आज फतवा सहसा शिष्यांच्या मतावर आहे, म्हणजे पीक ज्याच्या घरात गेलं त्यानं द्यायचं.

अज्ञान मुलाच्या नावावर सातबारा असेल तर? हनफी मतात लहान मुलाच्या पैशाला जकात नाही, पण त्याच्या शेतातल्या पिकाला उश्र आहे. वक्फ जमिनीच्या पिकालाही आहे. भार पिकावर आहे, मालकाच्या वयावर नाही.

शेतसारा भरला म्हणजे उश्र भरला असं होत नाही. तो सरकारी कर, हे इबादतीचं देणं. भारतातली जमीन जुन्या फिक्हच्या भाषेत ‘उश्री’ की ‘खराजी’ (जिच्यावर उश्र येतो ती की जिच्यावर खराज, म्हणजे जमिनीचा सरकारी कर, येतो ती), यावर हनफी उलमांत दीर्घ चर्चा झालीय, कारण त्यांच्या मते एका जमिनीवर दोन्ही येत नाहीत. बाकीचे तीन इमाम हा भेद उश्राच्या आड आणत नाहीत. खबरदारी म्हणून द्यावा, हा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या जमिनीचा इतिहास वेगळा वाटत असेल तर कागदपत्रं घेऊन मुफ्तींना विचारावं.

कुणाला द्यायचा

नवव्या सूरेच्या 60व्या आयतीत जे आठ प्रकारचे हक्कदार सांगितलेत तेच इथेही: फकीर, मिस्कीन (दोन्ही गरिबांचेच प्रकार), कर्जात बुडालेला, अडलेला प्रवासी वगैरे. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवरा-बायको यांना देता येत नाही. गरजू भाऊ, बहीण, मामा, आत्या यांना देता येतो, आणि त्यांचा हक्क आधीचा. सय्यद, म्हणजे प्रेषितांच्या वंशातल्या, घराण्याला उश्र चालत नाही. हनफी मतात मुस्लिमेतर गरजूंनाही उश्रातून नाही. त्यांना ऐच्छिक सदक्यातून हवं तेवढं द्यावं.

मशिदीची फरशी, कब्रस्तानची भिंत, गावातली बोअर, इमामांचा पगार, यांत उश्र लावणं हनफी मतात चालत नाही, कारण एका हक्कदार माणसाला तो माल मालकीहक्कानं मिळायला हवा. गावजेवण घालूनही फिटत नाही; पंगतीत बसलेला खातो, मालक होत नाही. शिधा त्याच्या हातात दिला तर फिटतो. मदरशाला द्यायचा असेल तर ‘हा उश्राचा माल आहे’ असं सांगून द्यावा, म्हणजे तो गरीब विद्यार्थ्यांच्या खात्यात जाईल, बांधकामात नाही. घेणाऱ्या माणसाला मात्र ‘उश्र’ म्हणून सांगायची गरज नाही. मनात नियत असली की पुरे. पोतं त्याच्या ओट्यावर ठेवून निघून यावं.